प्रयोगशाळेचे पाणी: यंत्र निवडण्याआधी नळ तपासा

प्रयोगशाळेसाठी जलशुद्धीकरण यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी कोटेशन मागवली जातात आणि पडद्यावर 18.2 हा रोधकतेचा (पाणी विजेला किती अडवते त्याचा) आकडा दाखवणारे यंत्र पसंत केले जाते. हा क्रम उलटा आहे. आत येणारे पाणी कसे आहे आणि शुद्ध झालेले कशाला वापरायचे आहे, ही दोन टोके आधी पक्की करा. मधले यंत्र मग बरेचसे आपोआप ठरते.

बडोद्यात पहिले टोकच सगळीकडे सारखे नाही. कुठे आजवा सरोवराचे पाणी येते, कुठे मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचे (वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या विहिरी), तर औद्योगिक वसाहतींत कित्येकांची भिस्त बोअर आणि टँकरवर असते. तलावाच्या पाण्यात पावसाळ्यात गाळ आणि कुजलेल्या पाल्यातून आलेली सेंद्रिय द्रव्ये वाढतात. वाळूतून झिरपून आलेले पाणी त्या मानाने नितळ असते. बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका यांचा भार जास्त. म्हणून नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये तपासून घ्यावा: वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी), कठीणपणा, सिलिका, लोह, मोकळे क्लोरीन.

यांच्या जोडीला गाळाची एक चाचणी आवर्जून करावी, ती घरच्या घरी जमते. 47 मिलिमीटर व्यासाच्या, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून 30 पीएसआय दाबाने पाणी सोडायचे आणि पहिले 500 मिलि भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. पाणी तसेच चालू ठेवून 15 मिनिटांनी पुन्हा 500 मिलि भरायचे. समजा आधी 30 सेकंद लागले आणि नंतर 60, तर फिल्टर निम्मा तुंबला. 50 टक्क्यांना 15 ने भागले की निर्देशांक आला 3.3. हा आकडा 5 च्या वर गेला तर आरओचे (रिव्हर्स ऑस्मोसिसचे) मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा, लवकर चोंदणार, हे यंत्र विकत घेण्याआधीच कळते.

आरओपूर्वीच्या टप्प्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते, आणि पैसे तिथेच वाया जातात. क्लोरीन पॉलिअमाइडच्या मेंब्रेनला कायमचे खराब करते, म्हणून कार्बन फिल्टर हवाच. कठीणपणा मेंब्रेनवर खवल्यासारखा बसतो, म्हणून बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर लागतो. आता थोडे गणित. येणाऱ्या पाण्याची वाहकता 600 मायक्रोसीमेन्स धरू. मेंब्रेन 98 टक्के क्षार अडवत असेल तर पुढे 12 मायक्रोसीमेन्सचे पाणी जाते. तेच 96 टक्क्यांवर आले तर 24. दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण उरलेले आयन शोषून घेणाऱ्या पुढच्या मिक्स्ड बेड रेझिनवरचा भार दुप्पट झाला आणि महागडी कार्ट्रिज निम्म्या वेळात संपली. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तर मेंब्रेन अडवतच नाही. तो थेट रेझिनची क्षमता खातो.

दुसरे टोक म्हणजे वापर. 25 अंश सेल्सियसला शुद्ध पाण्याची रोधकता 18.2 मेगाओम-सेंटीमीटर असते. हा आकडा फक्त आयनांबद्दल बोलतो. साखर, विद्रावक, जिवाणूंचे अवशेष पाण्यात असले तरी पडदा 18.2 दाखवत राहील. सिलिकाही फारशी आयनित होत नाही. रेझिन संपत आले की ती आधी निसटते आणि रोधकता नंतर घसरते. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकात टाइप 1, म्हणजे सर्वांत शुद्ध दर्जाच्या, पाण्याला एकूण सेंद्रिय कार्बनची 50 पीपीबी (अब्जात 50 भाग) आणि सिलिकेची 3 पीपीबी अशी वेगळी मर्यादा घातली आहे, ती याचसाठी.

एचपीएलसीवर (द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काम असेल तर सेंद्रिय कार्बन दाखवणारा मॉनिटर आणि 185 नॅनोमीटरचा यूव्ही दिवा मागा. पाण्यातली सेंद्रिय द्रव्ये त्याच्या सी-18 कॉलमवर साठत राहतात, आणि ग्रेडियंटमध्ये, म्हणजे विद्रावकाचे प्रमाण हळूहळू वाढवताना, विद्रावक वाढला की नमुन्यात नसलेली शिखरे उमटतात. दोष कॉलमवर ढकलला जातो. तो पाण्याचा असतो. पेशीसंवर्धनाला एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विषारी द्रव्य) अडवणारे अल्ट्राफिल्टर लागते, 0.2 मायक्रॉनचा फिल्टर त्याला पुरत नाही. काचसामान धुण्याला, ऑटोक्लेव्हला, वॉटर बाथला साधे आरओचे पाणी पुष्कळ झाले. त्यासाठी टाइप 1 वापरणे ही शुद्ध उधळपट्टी.

जुने डिस्टिलेशन यंत्र वाईट नसते, पण भारी खर्चिक असते. एक लिटर पाणी 25 अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते, आणि ती वाफ थंड करायला साधारण 18 लिटर पाणी वाहून जाते. रोज 60 लिटर हवे असेल तर 42 युनिट आणि हजारभर लिटर पाणी. 25 टक्के रिकव्हरीचा (आत आलेल्या पाण्यापैकी चौथा भाग शुद्ध देणारा) लहान आरओ तेवढ्याच कामाला 180 लिटर सोडतो, आणि ते फरशी पुसायला किंवा बाटल्यांच्या पहिल्या धुण्याला चालते.

क्षमता ठरवताना तापमान विसरू नका. आरओचा प्रवाह 25 अंशांवर मोजून छापलेला असतो. पाणी थंड झाले की दर अंशाला सुमारे 3 टक्क्यांनी घटतो. तासाला 10 लिटरचे यंत्र जानेवारीत 15 अंशांच्या पाण्यावर 7 लिटरच देईल, म्हणजे 60 लिटरला साडेआठ तास. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मे महिन्यात 35 अंश सहज ओलांडते, आणि बऱ्याच यंत्रांची कमाल मर्यादा तेवढीच असते. गरम पाण्यात मेंब्रेनमधून क्षारही जास्त निसटतात. जोडणी तळमजल्यावरच्या टाकीतून घ्यावी, नाहीतर गच्चीवरच्या टाकीवर सावली करावी.

साठवणुकीची टाकी एका दिवसाच्या वापराएवढीच असावी. तिच्या हवेच्या छिद्राला फिल्टर नसेल तर पाणी उपसताना धूळ, जंतू आणि कार्बन डायऑक्साइड आत ओढले जातात. टाइप 1 पाणी तर साठवायचेच नाही: उघड्या बीकरमध्ये त्याची रोधकता काही मिनिटांत घसरू लागते आणि शेवटी 1 मेगाओमच्या आसपास येते. सकाळी पहिले एक-दोन लिटर सोडून द्यावे. तोटीला रबरी नळी लावून ठेवण्याची सवय फार पसरली आहे. तिच्या आत जिवाणूंचा थर धरतो आणि आतली सगळी मेहनत शेवटच्या वीतभर नळीत फुकट जाते. यूव्ही दिवा निळा दिसतो म्हणून चालू आहे असे समजू नये. वर्षभराने त्याची ताकद ओसरते, उजेड मात्र तसाच राहतो.

कोटेशन हातात आल्यावर यंत्राच्या किमतीशेजारी तीन वर्षांच्या कार्ट्रिज, दिवे आणि मेंब्रेनची किंमत लिहून घ्या, तीही तुमच्या नळाच्या अहवालावर काढलेली. आरओला जाणाऱ्या आणि आरओतून येणाऱ्या पाण्याची वाहकता वेगवेगळी दाखवणारेच यंत्र घ्या. दर सोमवारी हे दोन्ही आकडे वहीत टिपा. आरओतून येणाऱ्या पाण्याचा आकडा 12 वरून 18 वर गेला आणि आरओला जाणाऱ्याचा होता तिथेच असला, तर कार्ट्रिज मागवण्याआधी मेंब्रेन धुऊन पाहा किंवा बदला.