कॉर्व्हेटच्या पोटाखालच्या खुणा

साठच्या दशकातली शेव्हरोले कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार लिफ्टवर चढवून खालून पाहिली, तर झगमग काहीच दिसत नाही. काळी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, राखाडी ओतीव लोखंड, रंग न दिलेले पोलादी दांडे आणि अधूनमधून पिवळ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या रंगाचा एखादा ओघळ. गाडी मूळ रूपात आहे का, हे ठरवताना जाणकार आज याच ओघळांपाशी थांबतात. ते ज्यांनी मारले, त्या कामगारांना त्यांचा उपयोग गाडी पुढच्या माणसापर्यंत सरकेपर्यंतच होता.

याची सुरुवात समजायला १९६३ सालच्या स्टिंग रे मॉडेलकडे जावं लागतं. तोवर कॉर्व्हेटला मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस, होता. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं: डिफरन्शियलखाली (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या पेटीखाली) आडवा बसवलेला ९ पानांचा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना चाक धरणारा ट्रेलिंग आर्म, खाली स्ट्रट रॉड नावाचा दांडा, आणि चाक फिरवता फिरवता वरच्या आर्मचं कामही करणारे हाफ-शाफ्ट. रचना देखणी, पण जोडायचे सुटे भाग वाढले. त्यात १९६५ साली ३९६ घनइंचांचं जड इंजिन आलं आणि पुढच्या स्प्रिंगा कोणत्या, वळणावर गाडी कलू न देणारा अँटी-रोल बार किती जाड, हे गाडीगणिक बदलू लागलं. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर नुसत्या नजरेनं फरक कळत नाही. म्हणून स्प्रिंगेवर कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे, तिच्यावर अक्षरी संकेत. सेंट लुइसच्या कारखान्यातल्या कामगारानं हातातल्या कागदावरचा संकेत आणि चिठ्ठीवरचा संकेत जुळवायचा, की झालं.

रंगाचे ठिपके दोन कामांसाठी होते. काही सुट्या भागाची ओळख सांगायचे. काही नट-बोल्टवर मारलेले असत. त्यांचा अर्थ, हा आवळून तपासला आहे. चासीवर मेणखडूनं लिहिलेले आकडेही सापडतात. फायबरग्लासची बॉडी चासीवर नीट बसावी म्हणून कोणत्या जागी किती शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायच्या, ते त्यात असायचं. मला हे आकडे सर्वांत प्रिय आहेत, कारण ते एका माणसाचं हस्ताक्षर आहे.

आणि रंग का नाही? खर्च हे साधं कारण. दाबकामाच्या पत्र्याला काळा रंग मिळे, कारण पातळ पत्रा गंजानं लवकर खचतो. पुढचं चाक वळवणाऱ्या स्टिअरिंग नकलसारखे घडीव भाग जाडजूड. त्यांवर गंजाचा थर चढला तरी ताकद जात नाही, म्हणून ते तसेच जात. काही नट-बोल्टांना फॉस्फेटची काळपट प्रक्रिया असे, जी तेल धरून ठेवते. ओतीव भागांवर तारीख साच्यातच उमटे: आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर, जसं सी म्हणजे मार्च, पुढे दिवस, शेवटी वर्षाचा एकच आकडा. ही तारीख गाडी जोडली त्या दिवसाच्या नंतरची निघाली, तर तो भाग मागाहून बसवलेला आहे, यात शंका उरत नाही.

पुढे या गाड्या जुन्या झाल्या आणि मालक हौसेनं त्या नव्यासारख्या करू लागले. वाळूच्या माऱ्यानं सगळं खरवडलं, वर चकचकीत काळा रंग दिला. प्रेमानं केलेलं काम, पण त्यात चिठ्ठ्या, ठिपके, खडूचे आकडे सगळे गेले. १९७४ साली अमेरिकेत नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली आणि परीक्षणाचा निकष बदलला: गाडी कारखान्यातून जोडून बाहेर पडली तशी हवी. त्याहून सुंदर केली तरी गुण जातात. मग जुने फोटो, हात न लागलेल्या गाड्या, जोडणीच्या पुस्तिका धुंडाळणं सुरू झालं. तयार चिठ्ठ्या आणि शिक्केही बाजारात आले, त्यामुळे ठिपका आहे एवढ्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. नव्यानं मारलेला ठिपका बहुधा जास्तच नीटनेटका असतो. घाईतल्या हाताचा ओघळ त्याला जमत नाही.

खरी खूण सापडते ती बहुतेक घाणीखाली. डिफरन्शियलच्या सीलमधून वर्षानुवर्षं झिरपलेलं तेल धुळीशी मिसळून जाड थर बनतो, आणि त्याखाली पाणी पोहोचत नाही. म्हणून अनुभवी माणूस तिथे तारेचा ब्रश लावत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, लाकडाची चपटी काडी आणि एक दुपार. थर हळूहळू सुटतो, आणि बोल्टच्या डोक्यावर पिवळा रंग दिसू लागतो.