विश्वास आणि पॉझिटिव्ह थिंकिंग: दिसायला सारखं, पण एक नाही

आमच्या चर्चमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री उपासना झाली की नव्या वर्षासाठी वचनाची कार्डं वाटतात, आणि यिर्मया 29:11 (बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 29 वा अध्याय, 11 वी ओवी) कुणाला ना कुणाला येतंच, तेच ते, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य देणारे आहेत. मलाही एकदा आलं होतं, ते कार्ड अजून माझ्या बायबलमध्ये आहे. वचन मला प्रिय आहे. पण तेच वचन ख्रिस्ती सेल्फ-हेल्पच्या पुस्तकात "हे क्लेम करा, यश तुमचंच आहे" अशा थाटात वाचलं की मला फार वाईट वाटतं, आणि का ते दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

विश्वास आणि पॉझिटिव्ह थिंकिंग वरवर बघितलं तर सेमच वाटतं. दोन्हीकडे प्रार्थना, दोन्हीकडे वचनं, दोन्हीकडे "खचू नकोस, देव आहे". पण फरक बघायचा असेल ना तर 29 च्या आधीचा अध्याय वाचा, 28 वा, जो कार्डावर कधीच येत नाही.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेममधून राजाला आणि हजारो लोकांना धरून नेलं. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा संदेष्टा होता, तो मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडणार, नेलेले सगळे परत येणार, आणि यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून लाकडी जू होतं तेही काढून त्याने तिथेच मोडून टाकलं. कल्पना करा लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि यिर्मयाने आधी काय म्हटलं माहितीये? आमेन, परमेश्वर तसं करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं, तो काही निगेटिव्ह माणूस नव्हता. पण खरं ते वेगळं होतं आणि त्याने ते सांगितलं. मग 29 व्या अध्यायात तो बाबेलमधल्या लोकांना पत्र लिहितो की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण 70 वर्षं लागणार आहेत. सत्तर! हे दहाव्या ओवीत आहे, आणि आपलं लाडकं वचन त्याच्या लगेच पुढे, अकराव्या ओवीत. पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कळलं असणारच की आपण काही यरुशलेम परत बघत नाही. तरीही संकल्प हिताचे.

अजून एक, आणि हे मराठी वाचकाला सहज पकडता येईल. आपल्या बायबलमध्ये देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा "तू" म्हणतो. इथे "तुमच्याविषयी" आहे, म्हणजे अख्ख्या समाजाविषयी. हे कुणा एकाच्या प्रमोशनचं किंवा फ्लॅटचं वचन नाहीये.

अशी पुस्तकं आजची नाहीत. न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे पाळक नॉर्मन विन्सेंट पील यांचं पॉझिटिव्ह थिंकिंगवरचं पुस्तक 1952 मध्ये आलं, त्यात फिलिप्पै 4:13 (मला सामर्थ्य देणाऱ्या ख्रिस्ताच्या द्वारे मी सगळं करू शकतो) रोज दहा वेळा म्हणायचा सल्ला आहे. ते वचन प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलंय, आणि त्याच्या आदल्याच ओवीत तो सांगतो की पोटभर असणं आणि उपाशी राहणं, दोन्ही मी शिकलोय. पीलवर टीका करणाऱ्यांत राइनहोल्ड नीबरसारखे ख्रिस्ती विचारवंत होते, म्हणजे ही शंका बाहेरच्यांची नाही, घरातलीच आहे. पुढे 2000 मध्ये ब्रूस विल्किन्सन यांचं याबेसच्या प्रार्थनेवरचं छोटंसं पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. याबेस बायबलमध्ये आहे किती, तर 1 इतिहासच्या चौथ्या अध्यायातल्या वंशावळीत दोन ओव्या. त्याने आशीर्वाद आणि मोठा मुलूख मागितला, देवाने दिला, एवढंच. तसं कुणीही मागावं, त्यात काहीच चूक नाही. पण तीच प्रार्थना महिनाभर रोज म्हणा असं पुस्तक सांगतं तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात तिचा फॉर्म्युला होतो. इतके दिवस म्हटलं, मग मिळायलाच पाहिजे.

आणि नाही मिळालं तर? माझ्या मते खरा फरक इथे आहे. पॉझिटिव्ह थिंकिंगचा सगळा भार माझ्या विचारांवर असतो, त्यामुळे फसलं की चूक माझीच, माझा विश्वास कमी पडला. विश्वासाचा भार ज्याच्यावर ठेवलाय त्याच्यावर असतो. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेसुद्धा दुःखाचा प्याला टळून जावो असं मागितलं होतं, तो टळला नाही.

माझी मावशी कॅन्सरने आजारी होती तेव्हा प्रेमाने भेटायला आलेल्या एकांनी तिला असंच पुस्तक दिलं. सुरुवातीला तिला त्याने खरंच बरं वाटलं, सकाळी उठून आवरायची, हे मी नाकारणार नाही. पण रिपोर्ट बिघडले तशी ती घाबरायला लागली, दुखण्याला नाही, तर आपल्या तोंडून निगेटिव्ह शब्द गेला तर काय याला. रात्री दुखायचं तर "दुखतंय" म्हणायची नाही. शेवटी मी तिला स्तोत्र 88 वाचून दाखवलं, सबंध स्तोत्रात तक्रार, आणि शेवटचा शब्दही अंधाराचाच. तिने विचारलं, हे बायबलमध्ये आहे? मी पान दाखवलं. मग ती खूप रडली, आणि त्या रात्री पहिल्यांदा कुठे कुठे दुखतंय ते सांगितलं.