फॉन्ट आणि एन्कोडिंग : मराठी मजकूर बिघडतो तेव्हा नेमके काय बिघडते?

मराठी संकेतस्थळाचे काम सुरू झाले की ग्राहकाकडून हमखास विचारणा होते, "मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये पाठवू का?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. युनिकोड ही जगभरातल्या लिप्यांमधील चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी यादी आहे, तर फॉन्ट ही त्या क्रमांकांना पडद्यावर किंवा कागदावर आकार देणारी फाइल आहे. संगणक क्रमांक साठवतो (या साठवणुकीच्या पद्धतीलाच एन्कोडिंग म्हणतात) आणि वाचकाला आकार दिसतो. बिघाड या दोहोंपैकी कोठे आहे हे ओळखता आले नाही, तर दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होत राहते, आणि मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हे फार वेळा घडते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. देवनागरीसाठी १२८ जागांचा मूळ गट राखलेला असून त्याची मांडणी इस्की या भारतीय मानकावर आधारलेली आहे. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच क्रमांकांनी साठवला जातो, आणि वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्याला १५ बाइट लागतात. तो मंगल फॉन्टमध्ये पाहिला काय किंवा नोटो सान्स देवनागरीमध्ये पाहिला काय, साठवलेले क्रमांक तेच राहतात. फॉन्ट बदलल्याने मजकूर बदलत नाही.

जुन्या फॉन्टची गोष्ट वेगळी आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' लिहिले, तर फाइलमध्ये साठवली जातात ती ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही रोमन अक्षरे. त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असल्यामुळे डोळ्यांना शब्द मराठी दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र तेथे देवनागरी काहीच नसते. ही युक्ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी अक्षरांच्या जुळवणीची सोय प्रणालीतच आली, परंतु त्याआधी मराठी मासिके, दिवाळी अंक आणि पुस्तके संगणकावर जुळवली गेली ती याच फॉन्टांच्या बळावर. पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या प्रणालीला तर तिच्या शेवटच्या, २००१ च्या आवृत्तीतही युनिकोड वापरता येत नव्हते. छपाईसाठी आकार बरोबर आला की काम झाले. वेबवर तेवढ्याने भागत नाही, कारण तेथे मजकूर शोधला जातो, क्रमाने लावला जातो, मोबाइलवर उघडला जातो, आणि दृष्टिहीन वाचकासाठी स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचतो. कृतिदेवमधील बातमी स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात वाचू लागतो. त्या वाचकाच्या दृष्टीने ती बातमी प्रसिद्धच झालेली नसते.

पडद्यावर काय दिसते यावरून बिघाडाची जागा बऱ्यापैकी ओळखता येते. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर क्रमांक बहुधा ठीक आहेत, त्या यंत्रावर योग्य फॉन्ट नाही. संकेतस्थळासोबत वेब फॉन्ट दिला की प्रश्न सुटतो. वाचता न येणारी साधी रोमन अक्षरे दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, आणि तेथे कितीही नवे फॉन्ट बसवले तरी उपयोग होणार नाही. एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे येत असतील आणि त्यांपैकी पहिले चिन्ह पुन्हा पुन्हा डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए असेल, तर मजकूर शाबूत आहे, पण यूटीएफ-८ बाइट दुसऱ्याच पद्धतीने वाचले जात आहेत. पानाची किंवा सर्व्हरची चारसेट नोंद, म्हणजे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे हे सांगणारी नोंद, तपासावी. सर्वांत वाईट अवस्था प्रश्नचिन्हांची. डेटाबेसला देवनागरी साठवता आली नाही आणि त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहून ठेवले, तर मूळ मजकूर तेथून परत मिळत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत देवनागरी न सामावणारी लॅटिन-१ हीच मूळ निवड होती, म्हणून जुन्या संकेतस्थळाचे स्थलांतर करताना मी ही नोंद सर्वांत आधी पाहतो.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी ऑनलाइन साधने उपयोगी आहेत, मात्र त्यांच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी स्वतंत्र असल्याने कृतिदेवचा परिवर्तक शिवाजी फॉन्टच्या मजकुरावर चालत नाही. शिवाय नुसती अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते आणि रफार नंतर येतो. युनिकोडमध्ये नेमके उलट आहे, म्हणून जोडाक्षरांवरील वेलांट्या आणि रफार यांच्यापाशीच चुका साचतात. मजकुरात मधे इंग्रजी शब्द असतील तर साध्या मजकुराच्या रूपात चिकटवताना फॉन्टची खूण पुसली जाते आणि परिवर्तक त्या शब्दांचेही देवनागरी कडबोळे करतो. त्यामुळे परिवर्तनानंतर मुद्रितशोधन टाळता येत नाही. नागरिकांची नावे, पत्ते किंवा लाभार्थ्यांच्या याद्या तर अनोळखी संकेतस्थळावरील परिवर्तकात कधीही चिकटवू नयेत. असे काम आपल्या संगणकावर चालणाऱ्या साधनानेच करावे.

टंकलेखनाचा कळफलक ही आणखी तिसरी गोष्ट आहे. रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या कळरचनेची सवय असलेले अनेकजण ती सुटेल या भीतीने युनिकोड टाळतात, परंतु रेमिंग्टन कळफलकाने युनिकोड लिहिता येते.

मराठीपुरता विचार केला तर क्रमांक आणि आकार यांमधील सीमारेषा ल, श आणि र या अक्षरांत फार स्पष्ट दिसते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे, आणि महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही तीच आहेत. हिंदी वळणाच्या ल आणि श यांचे युनिकोड क्रमांक मात्र वेगळे नाहीत, म्हणून हा प्रश्न निव्वळ फॉन्टचा आहे : पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये केली आणि फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असली, की ब्राउझर योग्य आकार निवडतो. इतकी छोटी नोंद कितीतरी मराठी संकेतस्थळांवर राहून जाते, याचे मला वाईट वाटते.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांमधील फरक याच्या उलट जातीचा आहे. समुद्र आणि डोंगरदऱ्या यांचा अर्थभेद साठवलेल्या क्रमांकांतच असावा लागतो, तो कोणताही फॉन्ट नंतर निर्माण करू शकत नाही. त्यातही 'दऱ्या' लिहिण्याचे दोन मार्ग रूढ आहेत : एकात नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही दिसायला सारखेच, पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या शोधयंत्रणेला सापडत नाही. म्हणून मराठी संकेतस्थळाचा शोध बांधताना मजकूर साठवण्यापूर्वी आणि वाचकाने लिहिलेला शब्द तपासण्यापूर्वी, दोन्हींतील असा र एकाच रूपात आणून घ्यावा.