वाचलेलं पाणी, राखलेलं पाणी

विट्याजवळच्या आमच्या मामांनी तीन वर्षांपूर्वी उसाला ठिबक केलं. दिवाळीत भेटले तेव्हा म्हणाले, "निम्मं पाणी वाचलं बघ." मी विचारलं, मग विहिरीला साठा राहतोय का? मामा हसले. "साठा कुठला! वरच्या पट्टीतबी लागण केली न्हवं."

बचत आणि मर्यादा यांत आपण जो घोळ घालतो, तो मामांच्या उत्तरात अख्खा सापडतो. बचत मोजायची ती एकरी, टनामागे, रुपयामागे. मर्यादा मोजायची ती अख्ख्या विहिरीची, नदीची, हवेची. दोन एकरांचं पाणी निम्म्यावर आलं आणि ऊस चार एकर झाला, तर बचत अगदी खरी, पण विहिरीचा उपसा होता तेवढाच.

कधी कधी तर जास्तच. पाटानं पाणी द्यायचे तेव्हा त्यातलं काही मुरून खालच्या विहिरीला लागायचं. आता ते मुळाशीच संपतं. म्हणजे मामांचं वाचलेलं पाणी थोडंफार खालच्या शेजाऱ्याचं होतं. (वाळवा-मिरजेकडे जादा पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात, तिथं ठिबक हवंच. माझं भांडण ठिबकशी नाही.)

इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं. वाफेचं इंजिन थोड्या कोळशात चालायला लागलं तसं ते परवडायला लागलं, आणखी कारखान्यांत बसलं आणि कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्तात पडतं ते जास्त वापरलं जातं, एवढं साधं कारण.

'पर्यावरण सांभाळून आर्थिक वाढ' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हातात बचतच असते. भारतानं २०२२ मध्ये जगाला दिलेलं एक वचन बघा: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी खाली आणायचं. रुपयामागे कमी. रुपये दुप्पट-तिप्पट झाले की एकूण धूर किती, यावर या आकड्यात बंधन नाही. ज्या देशात अजून कित्येकांना पुरेशी वीज मिळायची आहे, त्यानं असं वचन दिलं यात मला काही गैर वाटत नाही. फक्त त्याला मर्यादा म्हणू नये.

मर्यादा बघायची तर कृष्णेवर बघावी. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून द्यायला नेमलेल्या बच्छावत लवादानं १९७६ च्या निवाड्यात या नदीतला महाराष्ट्राचा मूळ वाटा ५६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरला. कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. ऊस काटकसरीनं पिकवा नाहीतर उधळून, वाटा तेवढाच. आणि आकडा बांधला गेला की लगेच दुसरा प्रश्न दारात येतो: यातलं कोणाला किती? बचतीत हा प्रश्न टाळता येतो, म्हणून बचत सगळ्यांना आवडते. ठिबकच्या अनुदानाला कोणाची ना नसते. गावात उसाचं क्षेत्र ठरवू या म्हणा, सभा उठून जाते.

मामांच्या विहिरीवर असा कुठलाच आकडा नाही. तसं बोललो तर म्हणाले, "मी थांबलो तर शेजारचा वढंल की. माझ्या एकट्यानं काय हुतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबरच बोलत होते. ठिबक एकट्याच्या रानात बसवता येतं. उपशाला दावं लावायचं तर सगळ्यांनी मिळून.

त्यांच्याच खानापूर तालुक्यात ते एकदा घडलंय. १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून येरळा नदीवर बळीराजा धरण उभं करायला घेतलं. पैशासाठी नदीतली थोडी वाळू विकली. पाणी किती आहे हे आधी धरलं, मग वाटणी ठरवली, तीही जमिनीच्या एकरावर नाही, कुटुंबावर. ज्यांच्याकडे गुंठाभर रान नव्हतं त्यांनाही पाण्याचा वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही.