धातूचे बळ दोषांच्या गर्दीत

तांब्याची जाड तार एकदा वाकवून पुन्हा सरळ करू पाहिली, तर आधी वाकलेली जागा ताठ राहते आणि नवा बाक तिच्या शेजारी पडतो. गोव्यातील कांसारांनाही हा अनुभव नित्याचा आहे, कारण ठोकून कडक झालेले भांडे तापवून नरम केल्याशिवाय पुढे घडवता येत नाही.

या कडकपणाचे मूळ अणूंच्या रचनेतील दोषांत आहे. स्फटिकातील अणूंचा एखादा थर अर्ध्यावरच संपतो, तेव्हा त्याच्या कडेशी जी रेषा तयार होते तिला डिस्लोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो या रेषा सरकल्यामुळे, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली स्वतंत्रपणे मांडले. ठोकण्याने या रेषा इतक्या वाढतात की एका घन सेंटिमीटरमध्ये त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. मग त्या एकमेकींत अडकतात आणि धातू वाकेनासा होतो.

पण उष्णतेने ही गुंतागुंत सुटते, म्हणून जेट इंजिनाला निराळा उपाय लागतो. दाबोळीच्या आयएनएस हंस तळावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांसारख्या विमानांच्या इंजिनांत टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात. त्यांत निकेल आणि ॲल्युमिनियमचे, सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचे घनाकार कण दाटीने बसलेले असतात. अशा कणात शिरणारे डिस्लोकेशन अणूंचा नेमका क्रम बिघडवते आणि तो पूर्ववत व्हायला मागून दुसरे यावे लागते; ही जोडी तापमान वाढल्यावर स्वतःच्याच प्रतलातून निसटून जखडून बसते. त्यामुळे सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत या कणांचे बळ घटण्याऐवजी वाढते, आणि धातुशास्त्रातील याहून विलक्षण वर्तन मला तरी माहीत नाही.

कडाक्याच्या थंडीत साधे पोलाद ठिसूळ होते. क्रोमियम, कोबाल्ट आणि निकेल समप्रमाणात घेतलेला मिश्रधातू मात्र उणे २५३ अंशांना अधिक चिवट होतो, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तेथे आधी डिस्लोकेशन सरकतात, मग अणूंच्या थरांचा क्रम चुकतो, पुढे स्फटिकात आरशातील प्रतिमेसारखे जुळे पट्टे उमटतात आणि शेवटी काही भागांची रचनाच बदलते. प्रत्येक नवा दोष आधीच्यांची वाट अडवतो, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही आणि भेग सहजासहजी पुढे सरकत नाही. द्रवरूप हायड्रोजनच्या टाक्यांसाठी असा गुण मोलाचा आहे. अडचण आहे ती कोबाल्टच्या किमतीची.