कपडा अंगाला की अंग कपड्याला?

ट्रायल रूममध्ये जीन्स मांडीवर अडकली की बहुतेक बायका जीन्सला नाही, स्वतःलाच नावं ठेवतात. ही सवय तशी फार जुनी नाहीये. रेडिमेड यायच्या आधी कपडा अंगाच्या मापाने शिवला जायचा, घट्ट झाला की शिवण उसवायची, संपला विषय. तेव्हा सगळं छान होतं असंही नाही हां, 19व्या शतकात युरोपात कॉर्सेट (कंबर बारीक दिसावी म्हणून आत घालायचं ताठ वस्त्र) आवळून बायकांना धड श्वास घेता यायचा नाही. पण तो आकार कॉर्सेटचा होता, रात्री काढून ठेवता यायचा. 1920 च्या दशकात सडपातळ, सपाट अंगाची फॅशन आली आणि बायका डाएटच्या मागे लागल्या, 1928 च्या सुमारास तर लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरातच होती की गोड खाऊ नका, त्याऐवजी आमची सिगारेट ओढा!

मग आले साईजचे आकडे. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने (हो, कृषी!) जवळपास 15,000 बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली, हिशोबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. त्यावरून 1958 मध्ये सरकारी स्टँडर्ड निघालं, त्यात 8 साईजची कंबर होती 23.5 इंच. आजच्या 8 पेक्षा कितीतरी बारीक. 1983 मध्ये ते स्टँडर्डही काढून टाकलं आणि ब्रँड आपापले आकडे लावायला मोकळे झाले, मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावला की गिऱ्हाईक खूश. म्हणजे ज्या आकड्यावरून आपण रडतो तो मुळात कशालाच धरून नाहीये.

बारीक मॉडेलचं कारणही बरंचसं धंद्याचंच आहे. डिझायनर शोसाठी प्रत्येक कपड्याचा सहसा एकच सॅम्पल शिवतो, तोही छोट्या साईजमध्ये, मग तो ज्या मुलीला होईल तीच रॅम्पवर जाते, मासिकाच्या फोटोलाही तोच सॅम्पल जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं सुंदर बाई म्हणजे एवढीच. 1966 मध्ये ट्विगी ही ब्रिटिश मॉडेल स्टार झाली तेव्हा ती 16 वर्षांची होती, आणि तिचा सांगाडा मोठ्या बायकांनी आदर्श म्हणून डोळ्यापुढे ठेवला. 1990 नंतर फोटोशॉप आलं, मग तर मॉडेललासुद्धा स्वतःच्या फोटोसारखं दिसणं जमेना.

2006 मध्ये उरुग्वेची लुईसेल रामोस आणि ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन या दोन मॉडेल बारीक राहायच्या नादात उपासमारीने काही महिन्यांच्या अंतराने गेल्या, तेव्हा कुठे जाग आली. रामोस गेल्यावर त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 18 च्या खाली असलेल्या मॉडेल नाकारल्या. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि जाहिरातीत शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर तसं लिहावं लागतं. त्याच वर्षी एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या फॅशन कंपन्यांनी फ्रेंच 32 साईजच्या मॉडेल घेणं बंद केलं, आता कमीत कमी 34. ते 32 म्हणजे साधारण अमेरिकन साईज झिरो, 34 त्याच्या फक्त एक पायरी वर.