कोळसा झालेली ओंबी

पिरॅमिडमधला गहू पेरला आणि तो उगवला, असा मजकूर पुन्हा फिरू लागला आहे. तो साफ खोटा आहे. गव्हाच्या दाण्यातला अंकुर काही दशकांत मरतो, हजारो वर्षं तग धरत नाही. पण पार कोळसा झालेल्या दाण्याकडेही शेती कशी सुरू झाली याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आगीत पडलेल्या दाण्याला हवा अपुरी मिळाली, तर त्याची राख न होता कोळसा होतो. कोळसा जीवाणूंना पचत नाही, म्हणून मातीत टिकतो. उत्खननातली माती पाण्यात ढवळली की खडे तळाशी बसतात, कोळसा तरंगतो. तो बारीक जाळीने गाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा.

तिथे दाण्यापेक्षाही मोलाचे असतात ते ओंबीच्या कण्याचे, म्हणजे दाणे ज्याला लागतात त्या मधल्या दांड्याचे तुकडे, काही मिलिमीटरचे. रानगव्हाची ओंबी पिकली की कण्याच्या सांध्यांतला पेशींचा पातळ थर सुटतो आणि दाण्यांसकट एकेक पेर गळून पडतं. तुटल्या जागी व्रण गुळगुळीत राहतो. एखाद्या रोपात जनुक बिघडून हा थर सुटलाच नाही, तर रानात त्याचं बी ओंबीतच अडकतं, वाया जातं. कापणाऱ्याच्या हाती मात्र असेच दाणे जास्त लागतात. त्यांतलंच बियाणं पुन्हा पेरलं की दरवर्षी न गळणाऱ्या ओंब्या वाढत जातात. त्या झोडपूनच मोडाव्या लागतात, म्हणून व्रण फाटका, खडबडीत दिसतो. सातूमध्ये हे काम दोन शेजारच्या जनुकांकडे असतं. त्यांतलं एक बिघडलं तरी सांधा सुटत नाही. अर्थात, रानटी ओंबीचे तळाचे काही सांधेही खडबडीतच तुटतात. त्यामुळे पीक रानटी की पेरलेलं, याचा एका तुकड्यावरून निकाल देता येत नाही, शेकडो मोजावे लागतात.

१९९० मध्ये हिलमन आणि डेव्हिस या संशोधकांनी प्रयोगांवरून अंदाज बांधला, की गळणाऱ्या ओंबीपासून न गळणाऱ्या ओंबीपर्यंतचा हा बदल २० ते २०० वर्षांत पुरा होऊ शकतो. पुढे तानो आणि विलकॉक्स यांनी सीरिया-तुर्कस्तानातल्या वस्त्यांमधले तुकडे मोजले, तर त्याला हजारावर वर्षं लागलेली दिसली! म्हणजे कुणा एकाने एके दिवशी शेतीचा शोध लावला, ही गोष्ट सोडून द्यायला हवी. कित्येक पिढ्या गळणारं आणि न गळणारं पीक शेजारी शेजारी उभं होतं.

जनावरं पाळीव कधी झाली हे सांगणाऱ्या हाडांचंही तसंच. लांब हाडांची टोकं ठरावीक वयात जुळतात, त्यावरून जनावर कितव्या वर्षी मेलं ते कळतं. शिकारी सहसा मोठा नर टिपतो. इराणच्या झाग्रोस डोंगरांतल्या गंज दरेह इथे, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, बोकड कोवळे असतानाच मारलेले आहेत आणि शेळ्या मोठ्या होईपर्यंत राखलेल्या आहेत. पिल्लांचा हिशेब करणाऱ्यांचं हे काम. त्याच वस्तीतल्या मातीच्या काही विटांवर शेळ्यामेंढ्यांच्या खुरांसारखे ठसे आहेत. विटा ओल्या असताना कळप त्यांच्यावरून चालत गेला असावा.